मूल ठेवणें आणि मूल देणें

आपल्या मराठी भाषेंत दोन वाक्यें अशीं आहेत कीं, तीं ऐकावयास एकमेकांच्या जवळचीं वाटतात, परंतु त्यांच्या अर्थांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. ‘मुलाला मामाकडे शिकावयास ठेविलें’ हें एक वाक्य, आणि ‘मुलाला दत्तक दिलें’ हें दुसरें. पहिल्या वाक्यांतील मूल दुसऱ्याच्या घरीं जेवतें, दुसऱ्याच्या छपराखालीं निजतें व दुसऱ्याचा शब्द मानतें. तथापि तें ज्यांचें होतें त्यांचेंच राहतें. सुटी लागली कीं तें घरीं येतें, आणि बाप आजारी असल्याचें कळलें तर वही-पुस्तक टाकून धांवत येतें. दुसऱ्या वाक्यांतील मुलाचें नांव बदलतें, घराणें बदलतें, वारसाहि बदलतो. हा भेद कोणाहि खेडुताला समजावून सांगावा लागत नाहीं. परंतु जेव्हां मूल हातीं देणारा एका देशाचा व घेणारा दुसऱ्या देशाचा असतो, देणारा अठराविश्वे दरिद्री व घेणारा सुखवस्तु असतो, आणि दोघांमध्यें एक दुभाष्या उभा असतो, तेव्हां ह्या दोन वाक्यांची सहज अदलाबदल होते. एकजण ‘ठेवितों’ असें म्हणतो आणि दुसऱ्याला ‘दिलें’ असें ऐकूं येतें. ह्या अदलाबदलींत नीतीचा मोठा प्रश्न आहे. आणि हैती देशांतील कुटुंबांच्या उदाहरणावरून वाचकांनीं त्याचा विचार करावा, अशी आमची विनंति आहे.

हैती हा कॅरिबियन समुद्रांतील हिस्पानियोला बेटाचा पश्चिमेकडील भाग होय. पूर्वेकडे डोमिनिकन प्रजासत्ताक आहे. क्षेत्रफळानें हा देश आपल्या महाराष्ट्राच्या अकराव्या हिश्श्याएवढा, आणि त्याची लोकसंख्या एक कोटीहून अधिक. तेथील बहुतेक लोक आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचे वंशज आहेत. फ्रेंच मालकांच्या ऊंसाच्या मळ्यांत राबणाऱ्या ह्या गुलामांनीं १७९१ सालीं बंड केलें, व १ जानेवारी १८०४ रोजीं आपला देश स्वतंत्र झाल्याचें जाहीर केलें. परंतु १८२५ सालीं फ्रान्सनें लढाऊ जहाजें पाठवून, मालकांच्या नुकसानीबद्दल १५ कोटी फ्रँक भरावयाची अट त्यांच्यावर लादली. पुढें १८३८ सालीं ही रक्कम ९ कोटींवर आली. तरी तिच्यासाठीं काढलेल्या कर्जांचा पाश १९४७ पर्यंत सुटला नाहीं. म्हणजे गुलामांच्या नातवा-पणतवांनीं आपल्याच पूर्वजांच्या सुटकेची किंमत भरली. हैतीची गरिबी पाहून ‘हे लोक आळशी’, असा निवाडा देणारांनीं हा हिशेब आधीं पाहावा. दुसरी एक गोष्टहि ध्यानांत धरावी. गुलामगिरींत आईचा आपल्या मुलावर कसलाच हक्क नसे. मालकाच्या मनांत येईल तेव्हां तो मूल विकून टाकी. अशा लोकांनीं जेव्हां आपलीं स्वतःचीं घरें उभारलीं, तेव्हां ‘हें मूल माझें आहे’ एवढें म्हणण्याचा अधिकार त्यांनीं रक्त सांडून मिळविला होता.

त्यांच्या घरांची रचना पाहिली तर आपल्या खेड्यांतील वाड्यांची आठवण होते. एका अंगणाभोंवतीं एकाच घराण्याचीं चार-पांच लहान घरें असतात. ह्या अंगणाला ते ‘लाकू’ म्हणतात. आजी, मावशी, चुलता, थोरली बहीण हीं सर्व त्या एकाच अंगणांत वावरतात, आणि मूल कोणत्या चुलीवरचें जेवलें याचा फारसा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. पेरणी-कापणीच्या वेळीं शेजारी जमून एकमेकांच्या शेतांत काम करितात. त्याला ‘कोंबित’ असें नांव आहे. आपल्याकडील इरजिकीसारखीच ही रीत आहे. पुष्कळ स्त्रिया खेड्यांतील माल डोक्यावर किंवा मोटारींतून शहराच्या बाजाराला नेऊन विकतात, व दिवसचे दिवस घराबाहेर असतात. त्या वेळीं मुलें आजीपाशीं किंवा धर्ममातेपाशीं असतात. ‘लेंकरूं हेंच गरिबाचें धन’, अशा अर्थाची एक म्हण तेथील क्रेओल भाषेंत सर्वांच्या तोंडीं आहे. अशा समाजांत मूल एका घरून दुसऱ्या घरीं जाणें ही नेहमींची गोष्ट असते. मूल गेलें म्हणून आईपण गेलें, असें कोणी समजत नाहीं; उलट मुलाला आणखी एक आई मिळाली असें समजतात. आईपण तेथें वाढतें, बदलत नाहीं. हैतीच्या जुन्या कायद्यांतहि हीच समजूत उतरलेली होती. १९७४ च्या तेथील दत्तक-कायद्यानें मूल नव्या घरीं गेलें तरी जन्मदात्या घराशीं असलेलें त्याचें नातें तुटत नसे. उलटपक्षीं युरोप-अमेरिकेंतील पूर्ण दत्तकविधानानें जुनें नातें कायमचें नाहींसें होतें. एकाच शब्दाच्या पोटांत हे दोन अर्थ नांदत होते.

आतां कोणी म्हणेल, ‘असें जर असेल, तर हैतीच्या लोकांची मुलें त्यांच्यांतच राहूं द्यावींत, बाहेरच्यानें मध्यें पडूं नये, म्हणजे झालें.’ परंतु प्रश्न इतका सोपा नाहीं, आणि तो सोपा करून दाखविणें हा खोटेपणा होईल. खेड्यांत शाळा थोड्या, आणि ज्या आहेत त्यांपैकीं बहुतेक खासगी व फी घेणाऱ्या. म्हणून डोंगरांतील आई आपली मुलगी शहरांतील एखाद्या नातेवाइकाकडे किंवा ओळखीच्या घरीं पाठविते. ‘पोरीनें घरांत हात लावावा, आणि घरच्यांनीं तिला शाळेंत घालावें’, असा करार असतो. कित्येक घरीं हा करार पाळला जातो. परंतु हजारों घरीं तो मोडला जातो. पोर पहांटे सर्वांच्या आधीं उठते, पाणी वाहते, भांडीं घासते, घरच्या मुलांना शाळेंत पोंचविते, आणि स्वतः शाळेचें तोंड पाहत नाहीं. अशा मुलांना ‘रेस्तावेक’ म्हणतात. ‘जवळ राहणारा’ असा त्या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ. त्यांची संख्या लाखांनीं मोजतात, व त्यांत मुलीच अधिक असतात. लहानपणीं स्वतः रेस्तावेक असलेले व पुढें अमेरिकेंत गेलेले झां-रोबेर कादे यांनीं १९९८ सालीं आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध करून ही गोष्ट जगापुढें मांडली. २००३ सालीं हैतीनें मुलांच्या छळाला व अमानुष वागणुकीला बंदी करणारा कायदाहि केला; परंतु जेथें फीचे पैसे नाहींत तेथें नुसता कायदा काय करणार? तात्पर्य, मूल आपल्याच लोकांत राहिलें म्हणजे तें सुखरूप राहिलें, असें धरून चालतां येत नाहीं. परक्याच्या हातून जसा अन्याय होतो तसा तो स्वकीयाच्या हातूनहि होतो.

ह्या दुःखाला उपाय म्हणून परदेशी दानशूर लोकांनीं हैतींत अनाथाश्रम काढिले. त्यांत आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या मदतीवर चालणारे पुष्कळ आहेत, म्हणूनच हा विषय ह्या पत्रांत येणें योग्य आहे. गेल्या दशकांत केलेल्या अंदाजाप्रमाणें अशा सुमारें ७५० संस्थांत ३०,००० च्या आसपास मुलें राहत होतीं. सरकारी परवाना मिळालेल्या संस्था त्यांत फारच थोड्या. आणि विचार करावयास लावणारी गोष्ट अशी कीं, ह्या ‘अनाथ’ मुलांपैकीं पांचांत चारांचे आईबाप, निदान दोघांपैकीं एक तरी, जिवंत होते. मग तीं अनाथ कशीं झालीं? आईजवळ फीचे पैसे नव्हते. घरीं दोन वेळचें अन्न नव्हतें. आश्रमांत शाळा होती, जेवण होतें, औषध होतें. जें साह्य घरीं मिळत नव्हतें तें आश्रमाच्या दारांतून आंत गेल्यावर मिळत होतें. आईनें पोराला त्या दारांतून आंत पाठविलें, व शाळा संपल्यावर तें परत येईल अशी आशा बाळगिली. तिच्या लेखीं तें बोर्डिंग होतें. दूरच्या देशांत जेव्हां त्या पोराचें छायाचित्र दाखवून वर्गणी गोळा झाली, तेव्हां त्याच्या खालीं ‘अनाथ’ हा शब्द होता. असें लिहिणारा लबाडच असतो, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जिवंत आईच्या मुलाला अनाथ म्हणणें ह्यांत त्या आईला कागदावर मारणें आहे, आणि हें मारणें दयेच्या नांवानें होतें, म्हणून तें अधिक सहज घडतें.

ह्याचें सर्वांत ठळक उदाहरण २०१० सालीं घडलें. त्या वर्षीं १२ जानेवारीच्या संध्याकाळीं राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सजवळ मोठा भूकंप झाला. घरें पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणें कोसळलीं. मृतांची संख्या हैतीच्या सरकारनें दोन लाखांहून अधिक सांगितली. जगभर हळहळ झाली. अमेरिकेंतील आयडाहो प्रांतांतल्या बाप्टिस्ट मंडळ्यांशीं संबंध असलेलीं दहा माणसें मुलांना वांचवावें ह्या हेतूनें तेथें गेलीं. २९ जानेवारीस तीं ३३ मुलांना बसमध्यें घालून डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सरहद्दीवर पोंचलीं. जवळ आवश्यक ते कागद नव्हते. पोलिसांनीं त्यांना अडविलें व मुलांना एका बालग्रामांत ठेविलें. चौकशी होतांच कळून आलें कीं, त्या ‘अनाथ’ मुलांपैकीं बहुतेकांचे आईबाप हयात आहेत. डोंगरांतील एका गांवच्या आईबापांनीं तर आपण होऊन मुलें बसमध्यें बसविलीं होतीं. घर पडलें होतें, अन्न नव्हतें, आणि पाहुण्यांनीं चांगली शाळा, चांगलें जेवण व भेटीला येण्याची मोकळीक कबूल केली होती. पुढें मुलें आपल्या घरीं परत गेलीं. अटक झालेल्यांपैकीं बहुतेकांवरील आरोप मागें घेण्यांत आले, आणि गटाच्या प्रमुख बाईला बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल दोषी ठरवून, भोगलेली कैद पुरेशी समजून, मे महिन्यांत सोडून देण्यांत आलें.

कायद्यानें आपलें काम केलें. परंतु नीतीचा प्रश्न कोर्टाबाहेर उभाच राहतो. हीं माणसें चोर नव्हतीं. तीं आपलें काम टाकून, आपला पैसा खर्चून, संकटांत सांपडलेल्या परक्या लेंकरांसाठीं गेलीं होतीं. त्यांच्या मनांत दया होती यांत आम्हांस शंका वाटत नाहीं. त्यांच्या ठायीं उणीव कशाची होती? ती एका प्रश्नाची होती. ‘हें मूल आम्हांला द्याल काय?’ हा प्रश्न विचारण्याच्या आधीं ‘हें मूल तुमच्यापाशींच राहावें म्हणून काय लागेल?’ हा प्रश्न विचारावयाचा होता. हा दुसरा प्रश्न विचारला असता तर कदाचित् उत्तर आलें असतें : एक ताडपत्री, थोडें धान्य, वर्षाची फी. बसच्या भाड्यांत व परदेशांतल्या इमारतीच्या खर्चांत त्या गांवचीं किती घरें सांवरलीं असतीं, याचा हिशेब वाचकांनीं आपल्या मनाशीं करावा. ज्याच्यापाशीं मूल दूर नेण्याचें सामर्थ्य आहे, त्याच्यापाशीं बहुधा तें मूल घरीं ठेवण्याचेंहि सामर्थ्य असतें. मग त्यानें पहिलेंच कां निवडावें?

याला एक उत्तर असें मिळतें : ‘मुलाचें कल्याण पाहा. ज्या देशांत पिण्याचें पाणी धड नाहीं, तेथून तें सुखाच्या देशांत गेलें, शिकलें, डॉक्टर झालें, तर वाईट काय झालें?’ हें उत्तर हलकें लेखूं नये. भूक ही मोठी गोष्ट आहे, आणि जो स्वतः पोटभर जेवला आहे त्यानें ‘भाकरीपेक्षां माया श्रेष्ठ’ असें उपाशी मुलाच्या वतीनें बोलूं नये. परंतु ह्या उत्तरांतील तत्त्व शेवटपर्यंत नेऊन पाहावें. अधिक सुखाची जागा मिळते एवढ्यानें जर मूल हलविणें योग्य ठरत असेल, तर जगांतील कोणत्याच गरिबाचें मूल त्याचें राहणार नाहीं. आपल्या तालुक्यांतील मोलकरणीचें मूल वकिलाच्या घरीं अधिक सुखांत वाढेल. म्हणून तें वकिलाचें झालें काय? आणि त्या वकिलाचें मूल त्याहून श्रीमंत गिरणीमालकाचें? आईबाप होण्याचा अधिकार जर मिळकतीच्या तराजूंत तोलावयाचा, तर गुलामांचा मालक काय निराळें बोलत होता? तोहि म्हणे, ‘माझ्या घरीं ह्याला अधिक पोटभर मिळेल.’ मुलाचें कल्याण पाहावयाचें तर सगळें पाहावें. आपण कोणाचे, आपल्याला कां पाठविलें, आपली आई आहे कीं नाहीं, ह्या प्रश्नांनीं आयुष्यभर पोखरलेलीं माणसें जगांत थोडीं नाहींत. आणि ती भूक कोणत्याहि भाकरीनें शमत नाहीं.

दुसरें उत्तर ह्याहून कठीण आहे. ‘आईनें स्वतःच दिलें ना? मग तिची इच्छा मोडणारे आपण कोण? गरीब बाईला स्वतःचें बरें-वाईट कळत नाहीं, असें समजणें हाहि तिचा अपमानच नव्हे काय?’ हें खरें आहे. गरीब मनुष्य विचार करूं शकतो, पुष्कळदां श्रीमंताहून अधिक काळजीपूर्वक करितो. कारण त्याला चूक परवडत नाहीं. डोंगरांतल्या त्या आईनें आपल्यापुढें होतें तें सर्व तोलून निर्णय घेतला. परंतु तिच्यापुढें होतें काय? एका पारड्यांत मुलाचा दुरावा, आणि दुसऱ्यांत त्याची उपासमार. बुडणारा मनुष्य गळ्यांतला सोन्याचा सर नावाड्याला देऊन टाकील. तो ‘स्वखुशीनें’ दिला असें म्हणून नावाड्यानें तो खिशांत घालावा काय? संमति ही पूर्ण संमति होण्यास दोन गोष्टी लागतात. एक, जें आपण देत आहों त्याचा अर्थ उभयतांना सारखा कळलेला असणें. आणि दुसरी, न देण्याचीहि वाट खरोखर मोकळी असणें. हैतीच्या आईच्या बाबतींत कित्येकदां ह्या दोन्ही गोष्टी नसतात. ती ‘ठेवितें’ म्हणते, आणि कागदावर ‘दिलें’ असें उमटतें; आणि दिलें नाहीं तर उद्यां चूल कशानें पेटवावी, हें कोणी सांगत नाहीं. तिची इच्छा मोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्यापुढें तिसरी वाट उघडावी, आणि मग तिला विचारावें, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

येथें शलमोन राजाच्या न्यायाची कथा स्मरते. दोन स्त्रिया एका तान्ह्या मुलावर हक्क सांगत राजापुढें आल्या, आणि राजानें तरवार मागविली. त्या वेळीं जिनें ‘मूल तिला द्या, पण मारूं नका’, असें म्हटलें, तीच खरी आई ठरली. ही कथा आपण इतक्यांदा ऐकली आहे कीं, तिचा शेवट आपल्या ध्यानांतून निसटतो. मूल सोडावयास तयार होणें हा आईच्या निष्ठुरपणाचा पुरावा नसून तिच्या मायेचा पुरावा आहे, असें राजानें ओळखिलें. आणि एवढें ओळखून तो थांबला नाहीं. ‘ही म्हणतेच आहे, तर द्या त्या दुसरीला’, असें तो म्हणाला असता तर त्याला कायद्यानें दोष देतां आला नसता. बाईनें राजसभेंत सर्वांसमक्ष संमति दिली होती! परंतु त्यानें ती संमति तरवारीच्या भयानें दिलेली आहे हें पाहिलें, तरवार म्यान करविली, व मूल देऊं निघालेल्या आईच्याच पदरांत घातलें. दारिद्र्य हीहि एक तरवारच आहे. ती पाहून आई जें बोलते त्याचा उपयोग करून घेणें हा एक मार्ग, आणि ती तरवार बाजूला सारणें हा दुसरा. शहाणपण कशांत आहे हें आम्ही वाचकांस सांगावयास नको.

ह्याचा अर्थ दत्तक घेणें वाईट, असा कोणी करूं नये. ज्या मुलाला खरोखर कोणी उरलें नाहीं, त्याला आपलें म्हणणें यासारखें पुण्य थोडें; आणि वंशाचा, रंगाचा, जातीचा विचार न करितां असें मूल पोटाशीं धरणारीं घरें धन्य होत. म्हणूनच ह्या कामांत सचोटी राहावी यासाठीं राष्ट्रांनीं नियम केले आहेत. २९ मे १९९३ रोजीं हेग येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय दत्तक-कराराचें सूत्र असें कीं, आधीं मुलाच्या स्वतःच्या कुटुंबाला आधार द्यावा, तें न साधल्यास त्याच देशांत दुसरें घर शोधावें, आणि तेंहि न मिळाल्यास परदेशाचा विचार करावा. शिवाय आईबापांची संमति पैसा देऊन मिळविलेली नसावी. २००९ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं संमत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्ट म्हटलें आहे कीं, केवळ गरिबी हें मूल घरापासून दूर करण्याचें कारण होऊं नये. ती गरिबी म्हणजे त्या घराला मदत हवी असल्याची खूण समजावी. भूकंपानंतर हैतीनेंहि २०१३ सालीं नवा कायदा करून खासगी देवाणघेवाण बंद केली, नातें तोडणारें व नातें राखणारें अशीं दत्तकविधानें वेगळीं केलीं, आणि हेगचा करार स्वीकारला. आपल्या देशांतहि २०१५ च्या बालन्याय कायद्यानें, मूल स्वाधीन करणाऱ्या आईबापांना आपला निर्णय फिरविण्यास दोन महिन्यांची मुदत दिली आहे. हे दोन महिने म्हणजे आईच्या हृदयाचा कायद्यानें केलेला मान होय. पण ह्या मुदतींत कोणी तिच्या घरीं धान्य घेऊन गेलें नाहीं, तर ती मुदत रिकामीच जाते.

आपल्या महाराष्ट्रालाहि ह्या प्रश्नाची ओळख आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या वर्षांच्या दुष्काळांत मिशनच्या अनाथाश्रमांत पुष्कळ मुलें आलीं; पंडिता रमाबाई स्वतः दुष्काळी मुलखांत जाऊन मुली व विधवा घेऊन आल्या, व केडगांवास त्यांना आश्रय दिला. त्यांपैकीं कित्येकींना खरोखर कोणी उरलें नव्हतें, आणि त्या आश्रयावांचून त्या जगल्या नसत्या. हें ऋण विसरणें हा कृतघ्नपणा होय. परंतु त्याच परंपरेंत दुसरीहि एक रीत वाढली, ती खेड्यांतील मुलांच्या बोर्डिंगांची. मूल तालुक्याच्या गांवीं राहून शिके, आणि उन्हाळ्याच्या व नाताळच्या सुटींत पेटी घेऊन घरीं येई. आईच्या हातची भाकरी, बापाची शिकवण, भावंडांची भांडणें यांतलें कांहीं तुटत नसे. ही रीत ‘ठेवण्याची’ होती, ‘देण्याची’ नव्हती. आणि आपल्या मंडळ्यांतील किती शिक्षक व परिचारिका ह्या वाटेनें पुढें आल्या, हें प्रत्येक गांव जाणतें. मूल शिकावें यासाठीं त्याला आईपासून तोडावेंच लागतें असें नाहीं, हें आपल्या घरच्या अनुभवानें सिद्ध आहे.

हैतीची स्थिति आज अधिक बिकट आहे. जुलै २०२१ मध्यें तेथील राष्ट्राध्यक्षांचा खून झाला. पुढच्याच महिन्यांत दक्षिणेकडे दुसरा भूकंप झाला. राजधानीचा मोठा भाग हत्यारबंद टोळ्यांच्या हातीं गेला, आणि २०२५ च्या आरंभीं घरदार सोडून पळालेल्यांची संख्या दहा लाखांवर पोंचली होती. अशा दिवसांत पुन्हां आया आपलीं मुलें कोणाच्या तरी हातीं सोंपवितील, आणि पुन्हां दूरच्या देशांतील दयाळू माणसें हात पुढें करितील. हात अवश्य पुढें करावा. परंतु दया ही नीट व्हावयाची तर तिला डोळे असावे लागतात.

आणि हा प्रश्न हैतीपुरता नाहीं. आपल्या ओळखीच्या घरांतहि खेड्यांतून आणलेली एखादी दहा-बारा वर्षांची पोर ‘घरच्यासारखी’ राहत असते. ‘घरच्यासारखी’ आणि ‘घरची’ ह्यांतील अंतर तिला पूर्ण ठाऊक असतें. म्हणून दुसऱ्याचें मूल ज्यांच्या छायेखालीं आहे त्यांनीं, आणि अशा मुलांसाठीं वर्गणी देणारांनींहि, स्वतःला तीन प्रश्न विचारावे. ह्या मुलाची आई कोठें आहे, हें मला माहीत आहे काय? तिनें काय समजून हें मूल पाठविलें, हें मीं तिच्याच भाषेंत विचारलें आहे काय? आणि जो पैसा मी ह्या मुलासाठीं खर्च करितों, तो त्याच्या आईच्या चुलीपर्यंत गेला असता तर मूल तेथेंच वाढलें नसतें काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर कधीं ‘नाहीं’ असेंहि येईल. तेव्हां मूल खुशाल पोटाशीं धरावें.

फारोच्या मुलीनें नदींत सांपडलेलें इब्री मूल उचललें, तेव्हां त्याला दूध पाजण्यास तिनें जी बाई पगार देऊन नेमिली ती त्याचीच आई होती. राजकन्येला हें ठाऊक होतें कीं नव्हतें, हें कथेंत सांगितलेलें नाहीं. परंतु घडलें तें असें कीं, राजवाड्याचा पैसा गरिबाच्या झोंपडींत गेला, आणि मूल कांहीं वर्षें आपल्या आईच्या मांडीवर वाढलें. मोठेपणीं तें राजवाड्यांत राहिलें, राजवाड्याची विद्या शिकलें. तरी आपले भाऊबंद कोण, हें तें विसरलें नाहीं. दोन देश, दोन भाषा, एक श्रीमंत व एक दरिद्री, अशीं दोन घरें एकाच मुलाभोंवतीं उभीं राहूं शकतात. त्यासाठीं श्रीमंत घरानें इतकेंच करावयाचें कीं, गरीब घराला पुसून टाकावयाचें नाहीं.